माहेरचे ठिपके

“मॅडम, उद्या मला कावीळ झाली तर माझा ठिपका कुठं टाकाल?”

“जिभेला काही हाड? सातवा चालू आहे नि असलं अभद्र बोलतेस!”

“सांगा ना.”

“तुझ्या घरावर टाकीन, आणखी कुठं.”

“कुठल्या घरावर?” सारिका म्हणाली नि चिंचेची गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

ही सारिका लोंढे आमच्या ऑफिसात पेशंटची नावं-पत्ते कम्प्युटरवर चढवायची, आणि त्या पत्त्यांवरून मी नकाशा करायची. महापालिकेच्या आरोग्य खात्यात मी जीआयएस अ‍ॅनालिस्ट होते. आमचा शिपाई शेवटपर्यंत मला जेसीबी मॅडम म्हणायचा. मीही कधी सुधारलं नाही त्याला, कारण जेसीबी म्हटलं की लोक जरा बाजूला होतात. शहराचं नाव मात्र सांगायची नाही. तिथल्या बऱ्याच जणांशी माझं अजून बोलणं आहे, आणि ज्यांच्याशी नाही त्यांना वकील लावायची हौस आहे.

काम असं, की कुठल्या आजाराचा माणूस शहरात कुठं राहतो ते बघून तिथं ठिपका टाकायचा. डेंग्यू लाल, टायफॉईड निळा, कावीळ पिवळी. एका जागी ठिपके गोळा झाले की समजायचं, इथं काहीतरी सडलंय. आमचा कम्प्युटर इतका मंद होता, की एकदा नकाशा उघडायला लावून मी घरी गेले, पुरण वाटलं, तेही पाट्यावर, आणि परत आले तरी तो आपला अर्धाच उघडलेला. यावर विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पुढच्यावर मात्र ठेवा.

त्या उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात काविळीच्या बाया यायला लागल्या. जवळजवळ सगळ्या पोटुशा. ही पाण्यातून येणारी कावीळ एरवी माणसाला पंधरा दिवस लोळवते नि सोडून देते, पण पोटुशीला ती सोडत नाही. कोमल नावाची एक पोरगी बाळासकट गेली. मी ठिपके टाकत होते, आणि ते बसत होते सगळ्या शहरभर, पिठात मोहरी सांडावी तसे. आमचे आरोग्य अधिकारी डॉक्टर चौबळ. त्यांनी ते बघितलं नि हात झटकले.

“एका जागी नाहीत. म्हणजे पाण्याचा दोष नाही. बाहेरचं खाणं.”

लगेच पाणीपुरीच्या गाड्या उचलल्या. तो सगळा उन्हाळा पाणीपुरीवाले भाजके शेंगदाणे विकत फिरत होते. मला एकच कळत नव्हतं. बायको पाणीपुरी खाते तर नवरा समोर उभा राहून आरती म्हणतो का? तोही खातोच. मग त्या घरात दुसरं कुणीच कसं पिवळं पडत नाही?

आणि इकडे ही सारिका विचारते, कुठल्या घरावर.

“अगं, म्हणजे?”

“म्हणजे रेशनकार्ड, केसपेपर, सगळीकडे माझा पत्ता नटराज कॉलनी, सासरचा. पण रविवारी माझं डोहाळजेवण, नि तिथून पुढं बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत मी आईकडे. बुरूडआळीत. मग आजारी पडले तर ठिपका नटराज कॉलनीत पडणार आणि मी उलट्या करणार बुरूडआळीत. गंमतच नाही?”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

“सारिके, तुझ्या आळीत कुणाला कावीळ आहे का गं?”

“बाबांना झालीय ना. बाळू वैदूकडून नाकात औषध घालून आणलं. तेल-मीठ बंद केलंय. समोरच्या हमीदकाकांना पण झालीय. वैदूच्या दारात नंबर लावावा लागतो म्हणे.”

“आणि दवाखान्यात?”

“काविळीला दवाखान्यात कोण जातं मॅडम? वैदू पोटुशीला हात लावत नाही, म्हणून त्या तेवढ्या दवाखान्यात.”

घ्या! म्हणजे आमच्या दवाखान्याला दिसत होत्या फक्त पोटुशा. आणि पोटुशा होत्या माहेरी, नि त्यांचे पत्ते सासरी.

मी फोन हातात घेतला आणि एकेकीच्या घरी लावला. “आरोग्य खात्यातून बोलतेय. सूनबाई आजारी पडली तेव्हा कुठं होती?” पलीकडे बहुतेक सासवाच. एवढ्या आनंदानं मला आयुष्यात कुणी उत्तरं दिली नाहीत.

“आमच्याकडे नव्हती हो! माहेरी होती. आमचं पाणी एकदम स्वच्छ आहे.”

“माहेर कुठलं?”

“बुरूडआळी. मी तेव्हाच म्हटलं होतं, पाठवू नका म्हणून.”

कुठं बुरूडआळी, कुठं तिला लागून असलेली गिरणीची बोळ. सगळ्या सासवांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी तेवढ्या एकदाच बघितलं. मग मी शहरभर पसरलेला एकेक ठिपका उचलला आणि त्या त्या पोरीच्या माहेरी नेऊन ठेवला. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या पिवळ्या पोरी एका जागी येऊन बसल्या होत्या, मंगळागौरीला बसाव्यात तशा. मधोमध नवी पाण्याची टाकी. शिमग्यापासून तिचं पाणी ‘चाचणी’ म्हणून चालू होतं. टाकीकडून आळीकडे येणारा नवा पाइप ओढ्यातून येत होता, आणि तो ओढा म्हणजे निम्म्या शहराचं गटार.

त्याच टाकीचं रविवारी मंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नकाशा चौबळ डॉक्टरांच्या टेबलावर पसरला. पाणीपुरवठ्याचे बेलसरे साहेब तिथंच बसले होते. टाकी त्यांची. म्हणजे बापाची नव्हे, पण बोलणं तसंच.

बेलसऱ्यांनी नकाशा बघितला, मग माझ्याकडे बघितलं नि हसले. “मॅडम, मागच्या दिवाळीला तुम्हीच सांगितलंत ना, तुमच्या आजोबांनी कृष्णेच्या पुरात मगरीवर बसून तार पोचवली?”

“होडी वाहून गेली होती. बिचारे काय करणार?”

“मग ही नवी मगर आम्ही कुठं बांधू?”

“ओढ्यात बांधा. तुमचा पाइप आहेच तिथं, सोबत होईल.”

चौबळ डॉक्टर वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. घाबरट माणूस मऊ आवाजात बोलतो, तेवढाच काय तो फरक. “निंबाळे मॅडम, पत्ता म्हणजे रेकॉर्डवरचा पत्ता. फोनवर कुठल्यातरी सासूनं सांगितलं, याला आधार काय? ठिपके होते तिथं ठेवा. रविवारी मांडवात आपला स्टॉल आहे, तिथं हाच नकाशा लावायचाय. आजार पसरलेला आहे, पाणी सुरक्षित आहे. खाली तुमची सही.”

“पाणी बंद करा आधी.”

“नमुना पाठवू तपासायला.”

“कधी?”

“कार्यक्रम झाला की.”

“डॉक्टर, आठवडाभर अजून त्या आळीत पोरी बाळंतपणाला येतील. ही बाहेर बसलीय ती सारिकासुद्धा जाणार आहे.”

“मॅडम,” बेलसरे मधेच म्हणाले, “सगळ्या महापालिकेला तुमच्या थापा माहीत आहेत. तुमच्या नकाशावर टाकी बंद केली तर लोक आम्हाला जोड्यानं मारतील.”

“थापा मी मारतेच,” मी म्हटलं. “आणखीही मारीन, मरेपर्यंत मारीन. पण तोंडानं मारते साहेब, हातानं नाही. तुम्हाला खोटा नकाशा पाहिजे असेल तर स्वतः काढा. मी सही करायची नाही.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला नि परत लावला. “ठीक आहे. नकाशाचं तुमच्या हाताखालचे मोहिते बघतील. आणि हा कागद ऑफिसच्या बाहेर जाता कामा नये. तुम्ही रविवारी...” त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं. “तुम्ही रांगोळीत.”

आमच्याकडची पद्धतच ती. बाई इंजिनिअर असो, डॉक्टर असो, मंत्री यायचे म्हटलं की तिला रांगोळी येते असं धरूनच चालायचं. सगळ्या बायकांना एका रंगाच्या साड्या, एकीच्या हातात ओवाळणीचं ताट, बाकीच्या रांगोळीला. पुरुष कर्मचारी उन्हात उभं राहून ‘छान, छान’ म्हणणार.

बाहेर येऊन मी सारिकाला बाजूला घेतलं. “तू बुरूडआळीत जाऊ नकोस.”

“मॅडम!”

“तिथलं पाणी वाईट आहे. त्या सगळ्या पोरी तिथल्याच आहेत गं. कोमलसुद्धा.”

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग खुदकन हसली. “मगरीसारखं ना?”

“नाही. ही थाप नाही.”

“तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात, डोळे असेच मोठे करून.” ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “मॅडम, आईनं महिनाभर तयारी केलीय. पहिलं बाळंतपण आहे. न जाऊन कसं चालेल?”

मला बोलताच येईना. मी, आणि बोलता येईना! ही एक गोष्ट ऐकून आमच्या यजमानांना हुडहुडी भरली असती. पण काय सांगणार? जन्मभर लांडगा आला म्हणून लोकांना हसवलं, आणि आता खरा लांडगा दारात उभा, तर तोही विनोदीच दिसायला लागला. सारिकाला पटवायला मी नको होते. दुसरं कुणीतरी पाहिजे होतं.

रविवारी सकाळी मी रांगोळीची पिशवी घेऊन बुरूडआळीत गेले. टाकीखाली मांडव, मांडवासमोर शेणानं सारवलेलं मोठं अंगण. आमच्या दोघी पोरी कोपऱ्यात मोर काढत बसल्या होत्या.

“मॅडम, तुम्ही काय काढताय?”

“ठिपक्यांची,” मी म्हटलं. “मला दुसरी येतच नाही.”

पदर खोचला आणि बसले. पांढऱ्या रेघेनं आधी आळीचा रस्ता ओढला. मग त्यातून फुटणाऱ्या बोळी, मारुतीचं देऊळ, मशीद, पिठाची गिरणी. वर टाकी, बाजूनं ओढा निळा, नि त्या ओढ्यातून येणारी पाइपाची रेघ काळी. इतके दिवस तो नकाशा बघत होते, की डोळे मिटूनसुद्धा काढला असता. खरं सांगायचं तर मधे थोडा वेळ डोळे मिटूनच काढला. मग पिवळा रंग घेतला आणि एकेका घरावर एकेक ठिपका टाकत गेले. नावं नाहीत, काही नाही. नुसते ठिपके.

कार्यक्रमाला बोलावलेल्या आळीतल्या बाया कळशा घेऊन यायला लागल्या.

“अगबाई, ही तर आमची बोळ!”

“ही गिरणी बघ. नि हे हमीदभाईंचं घर. वा, बाईंनी शौकतच्या टपरीला पण जागा दिलीय!”

“आणि हे पिवळं काय हो?”

मी उठले. गुडघे कुरकुरले. म्हटलं, आज एकही फोडणी द्यायची नाही. “या तुमच्या लेकी. माहेरी बाळंतपणाला आल्या आणि काविळीनं दवाखान्यात गेल्या, त्या. दवाखान्यात यांचे पत्ते सासरचे आहेत, म्हणून साहेबांच्या नकाशात त्या शहरभर आहेत. माझ्या नकाशात त्या जिथं पाणी प्यायल्या तिथं आहेत.”

एकीनं हातातली कळशी खाली ठेवली. दुसरी मान वर करून टाकीकडे बघत राहिली.

मागून एक बारकी, सुकलेली बाई पुढं आली. खाली बसली. रांगोळीत एका ठिपक्याजवळ बोट नेलं. “हे माझं घर,” ती म्हणाली. “ही माझी कोमल.”

तिनं वाटीतली पिवळी चिमूट घेतली आणि माझ्या ठिपक्यावर आणखी थोडी टाकली, दिव्यात तेल घालावं तशी. मग शेजारी दुसरा एक बारीक ठिपका ठेवला. तो बाळाचा.

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही.

“आमचे हे राहिले. वैदूकडे जातात.”

“माझा दीर. इथं, देवळामागं.”

“सरक गं जरा. आमच्याकडं दोघं.”

पिवळा रंग संपला. एक पोरगी पळत जाऊन घरातून हळदीचा डबा घेऊन आली. हमीदभाईंची बायको ओढणी सावरत बसली नि तिनं तीन ठिपके टाकले. “मेरे मियाँ, जेठ, और ये मैं. पिछले महीने,” असं म्हणून स्वतःचा ठिपका तिनं जरा ठसठशीत केला. आमच्या दवाखान्याला ज्यांचा पत्ताच नव्हता ती सगळी माणसं अंगणात येऊन बसायला लागली.

बेलसरे धावत आले. “हे काय आहे? कुणी सांगितलं हे काढायला?”

“तुम्हीच. रांगोळीत घातलंत ना मला?”

“पुसा! ताबडतोब पुसा! मंत्र्यांची गाडी निघालीय!”

“मी नाही पुसणार.”

त्यांनी झाडूवाल्या दोघींना हाक मारली. त्यातली एक झाडूवर रेलून म्हणाली, “साहेब, हळदीवर झाडू? सकाळी सकाळी? माझ्या घरातपण कावीळ हाय.”

“मग मीच...” बेलसऱ्यांनी बूट उचलला. उचलला तो उचललेलाच राहिला. समोर कोमलची आई बसली होती. उठली नाही. नुसती त्या बुटाकडे बघत बसली. बेलसऱ्यांचा बूट हळूहळू मागं गेला नि जिथून आला होता तिथं टेकला.

एवढ्यात सारिका आली. हिरवी साडी, दंडावर फुलांचे बाजूबंद, डोक्यात मोगरा. मागं तिची आई, गोदाबाई, हातात ओटीचं ताट. आईला वाटलं असेल, लेकीला आधी कार्यक्रम दाखवू, मग घरी नेऊ. सारिकानं रांगोळी बघितली नि जागच्या जागी थांबली. इतके दिवस ती नावं तिनंच तर कम्प्युटरवर चढवली होती. कुठला ठिपका कुणाचा, ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. आता ती हसत नव्हती.

गोदाबाई मात्र वाकून आपलं घर शोधत होत्या. “मॅडम, आमचं घर गिरणीमागं.”

“हो.”

“तिथं मोकळंच ठेवलंत?”

“तुमचं घर तुम्ही ठरवायचं. मी कोण टाकणारी?”

त्यांनी ताट खाली ठेवलं. हळदीची चिमूट घेतली नि गिरणीमागं एक ठिपका टाकला. “हे सारिकाचे बाबा.” मग दुसरी चिमूट घेतली. बोटं तशीच धरून लेकीकडे वर बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं. गिरणीमागं अजून एका ठिपक्याची जागा होती.



गोदाबाईंनी ती चिमूट परत डब्यात टाकली. हात झटकले, पदराला पुसले. ताट उचललं. “सारिके, चल मागं. तुला मी आज घरात घेत नाही.”

“आई, डोहाळजेवण...”

“जेवण देवळात करू. पाणी नटराज कॉलनीतून आणू. पण या नळाचा थेंब तुझ्या तोंडात जायचा नाही.”

तेव्हाच मंत्र्यांची गाडी आली. उतरले, हात जोडले, मांडवाकडे निघाले नि थबकले. पुढं रांगोळी, रांगोळीच्या पलीकडे सगळी आळी उभी, कुणी बाजूला व्हायला तयार नाही. वर दोन-तीन कॅमेरे. मंत्री असा माणूस असतो, त्याला पाय कुठं टाकायचा नाही ते बरोबर कळतं.

“हे काय आहे डॉक्टर?” त्यांनी विचारलं.

चौबळ डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. मी मनात म्हटलं, आता हा माणूस म्हणणार, रांगोळी आहे साहेब. पण त्यांनी त्या चिमुकल्या ठिपक्याकडे बघितलं, कोमलशेजारच्या. “नकाशा आहे साहेब,” ते म्हणाले. “आणि बरोबर आहे.”

मंत्री फीत न कापताच परत गेले. दुपारी नळ बंद झाले, टँकर आले, आणि ओढ्यात खणल्यावर पाइपाचा जोड सापडला, इतका ढिला, की माझी कवळीसुद्धा त्याहून घट्ट बसते. तो बदलला, मगच नळ परत सुरू झाले.

मला मिळाली ती कारणे दाखवा नोटीस. शासकीय कार्यक्रमात विनापरवाना नकाशा प्रदर्शित केला म्हणून. मी उत्तर दिलं, ‘नकाशा ऑफिसातच आहे, कुलपात. मी फक्त रांगोळी काढली. महिला कर्मचाऱ्यांना तसा आदेश होता. पुढील आदेश आल्यास परत काढीन.’ पुढचा आदेश काही आला नाही. बढतीही आली नाही. नोटीस फ्रेम करून मी दिवाणखान्यात लावलीय, यजमानांच्या फोटोशेजारी. दोघंही मला घाबरवू शकले नाहीत.

सारिकाची सासू मात्र अडून बसली. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे म्हणे. म्हटलं, त्यात काय! गोदाबाईंना आणि सारिकाला आणलं माझ्याकडे नि दारावर ‘माहेर’ म्हणून खडूनं लिहिलं. पोरगी झाली. मृदुला नाव. आवाज मात्र रेल्वेच्या भोंग्यासारखा.

ती आता चांगली ताडमाड वाढलीय. दर मे महिन्यात बुरूडआळीत आज्जीकडे येते आणि तिथून सायकलवर माझ्याकडे. आल्या आल्या म्हणते, “मगरीची सांग.” मगरीची सांगते. ती डोळे विस्फारून ऐकते. मगरीनं आजोबांना परतीचं भाडं मागितलं, इथपर्यंत तिचा पूर्ण विश्वास बसतो.

परवा तिला ही गोष्ट सांगितली.

“ह्यॅ!” ती म्हणाली. “रांगोळी बघून मंत्री परत गेला? आजी, काहीही सांगतेस. थाप आहे ना?”

बुरूडआळीतल्या नळाला तोंड लावून पाणी पिऊन आली होती. ड्रेसचा गळा सगळा ओला.

“थापच आहे,” मी म्हटलं. “जा, गळा पुस.”